टाकाऊतून टिकाऊ : एका ब्रीदवाक्याचा परामर्श

देवालयांच्या सभागृहांत, महिला मंडळांच्या वार्षिक मेळाव्यांत आणि शाळांच्या स्नेहसंमेलनांत हस्तकलेची जी प्रदर्शने भरतात, त्यांतील एका मेजावर हमखास एक पाटी आढळते : 'टाकाऊतून टिकाऊ'. पाटीखाली मांडलेल्या वस्तूही आता जवळजवळ ठरून गेल्या आहेत. शिंपले चिकटवून केलेला गणपती, सोनेरी रंग दिलेली करवंटी, रिकाम्या बाटलीवर सुतळी गुंडाळून केलेली फुलदाणी, घागरीला भोक पाडून तिच्यात बसविलेला विजेचा दिवा, लाटांबरोबर वाहून आलेल्या ओंडक्याला वार्निश चोपडून बनविलेले घड्याळ. प्रेक्षक कौतुकाने पाहतात, परीक्षक क्रमांक देतात, आणि मंडळी अल्पोपाहाराकडे वळतात. या वस्तूंची चिकित्सा मात्र कोणी करीत नाही. घरगुती कला म्हटली की टीकेचे शस्त्र म्यान करावयाचे, असा आपल्याकडे सौजन्याचा एक संकेत आहे. प्रस्तुत लेखकाला तो मान्य नाही. चिकित्सेला अपात्र ठरविणे हा कोणत्याही कलेचा गौरव होऊ शकत नाही.

प्रथम त्या ब्रीदवाक्याकडेच पाहू. 'टाकाऊ' हा शब्द वस्तूचा गुण सांगत नाही. तो तिच्याविषयी कोणीतरी दिलेला निकाल सांगतो, आणि तोही बहुधा एकतर्फी. जुने लुगडे विटले म्हणजे ते टाकाऊ झाले, असे आपल्या आज्यांना कधी वाटले नाही. लुगड्याचे दुपटे होई, दुपट्याची गोधडी होई, गोधडी झिजली की तिचे पोतेरे होई, आणि जे यांतल्या कशातच बसत नसे ते बोहारणीच्या टोपलीत जाऊन त्याच्या मोबदल्यात एखादे भांडे घरात येई. नारळाच्या झाडाविषयी तर बोलावयासच नको. चुडतांचे झाप, हिरांची केरसुणी, सोडणाचा काथ्या, करवंटीला दांडी बसवून केलेला तो ओळखीचा दवलो. या व्यवहाराला त्या काळी कोणी 'कला' म्हटले नाही, आणि 'टाकाऊतून टिकाऊ' असे तर मुळीच म्हटले नाही. कारण त्या घरात टाकाऊ या सदराखाली जमा झालेली वस्तूच नव्हती. ब्रीदवाक्याची गरज ज्या पिढीला भासली, ती टाकून देण्यास शिकलेली पिढी होय.

तरीही हा प्रश्न केवळ गतकालाविषयीच्या हळहळीने सुटण्यासारखा नाही. जुने ते सर्व सुंदर आणि नवे ते सर्व बेगडी, असे म्हणणाऱ्याला टीकाकार म्हणता येणार नाही. सापडलेल्या वा उरलेल्या वस्तूपासून जेव्हा नवी वस्तू घडते, तेव्हा ती चांगली केव्हा म्हणावयाची, याची काही कसोटी हवी. ही कसोटी आपल्याच न्यायशास्त्रात तयार आहे.

नैयायिकांनी कारणाची व्याख्या करताना एक मार्मिक उदाहरण दिले आहे. घटाच्या उत्पत्तीपूर्वी कुंभार असतो, माती असते, चाक आणि दंड असतात, आणि माती वाहून आणणारे गाढवही असते. मग गाढव हे घटाचे कारण मानावयाचे काय? नाही. गाढव त्या जागी उपस्थित होते खरे, पण त्याच्यावाचून घट अडला नसता. माती डोक्यावरून आणता आली असती. म्हणून ते 'अन्यथासिद्ध' होय. जे अन्यथासिद्ध नाही, ज्याच्यावाचून कार्य घडलेच नसते, तेच खरे कारण.

ही कसोटी आपल्या मेजावरील वस्तूंना लावून पाहावी. शिंपल्यांच्या गणपतीत शिंपले कोणते काम करतात? सोंडेच्या जागी निमुळता शंख आणि कानांच्या जागी दोन पसरट शिंपा बसविल्या आहेत. त्यांच्या जागी बटणे, बदामाच्या साली किंवा पुठ्ठ्याचे तुकडे लावले असते तरी गणपती तितकाच झाला असता, आणि तितकाच न झाला असता. येथे शिंपला कुंभाराचे गाढव आहे. तो किनाऱ्यावर सापडला म्हणून उपस्थित आहे, एवढेच. सुतळीच्या फुलदाणीतील बाटलीची गतही तीच. बाटलीचा गुण पारदर्शकतेत; तो सुतळीखाली गाडल्यावर बाटली असली काय आणि डबा असला काय, सारखेच.

याच्या उलट, किनाऱ्यावरचे द्रव्य जेथे अनिवार्य झाले आहे अशी उदाहरणे आपल्या भूमीत थोडी नाहीत. गोव्यातील जुन्या घरांच्या आणि चर्चांच्या खिडक्यांत काचेऐवजी शिंपांचे चौकोन बसविलेले असत, हे पुष्कळांनी पाहिले असेल. प्लाकुना प्लासेंटा असे शास्त्रीय नाव असलेल्या कालवाच्या या चपट्या, जवळजवळ गोल शिंपा अर्धपारदर्शक असतात. त्या कापून, लाकडी पट्ट्यांच्या खाचांत सरकवून खिडकीची झडप पूर्ण होई. दुपारचे कडक ऊन त्यांतून आत येताना मवाळ होई, पाऊस बाहेर राही, आणि बाहेरच्याला आतले दिसत नसे. प्रकाश द्यावा पण दृष्टी देऊ नये, हे जे खिडकीला हवे होते, ते त्या शिंपेचा देहधर्मच होता. काच स्वस्त झाली तेव्हा ही विद्या मागे पडली. पण ज्या सुताराने आणि कारागिराने ती प्रथम योजिली, त्याने शिंपेकडे पाहून 'हिला काय चिकटवू?' असे न विचारता 'हिला काय येते?' असे विचारले असले पाहिजे. साऱ्या हस्तकलेचे मर्म या दोन प्रश्नांतील अंतरात आहे.

दुसरे उदाहरण देवळांचेच घ्या. गोव्यातील आणि कोकणातील जुन्या देवालयांच्या भिंतींवर पांढऱ्या पृष्ठभागावर तांबड्या रंगात कोरलेली जी कावी चित्रे आढळतात, त्यांतील तांबडा रंग आपल्या तांबड्या मातीचा आणि पांढरा चुना शिंपले भाजून केलेला. ओल्या गिलाव्यावर कावेचा थर देऊन तो कोरून काढला की खालचा पांढरा उजळतो. येथे शिंपल्याचे रूप पार नाहीसे झाले आहे. तो ओळखूही येत नाही. तरीही तो अन्यथासिद्ध नाही, कारण त्याचा शुभ्रपणा आणि त्याचे घट्ट बसणे यांवरच ती भिंत उभी आहे. तेव्हा मूळ वस्तूचे रूप शेवटपर्यंत दिसलेच पाहिजे, असा या कसोटीचा आग्रह नाही. रूप जाईल, पण गुण कामी आला पाहिजे.

गोधडीलाही हेच लागू पडते. तान्ह्या मुलाला नव्या कापडाचे दुपटे का घालीत नाहीत? नवे कापड टोचते. शेकडो धुण्यांनी लुगड्याला आलेला मऊपणा कोणत्याही गिरणीला विकत देता येत नाही. तो काळाने विणलेला असतो. जुनेपणा हा येथे दोष नसून उपादान आहे. उत्तर कन्नड जिल्ह्यातील हल्याळ, यल्लापूर, मुंडगोड या भागांत राहणाऱ्या सिद्दी समाजातील स्त्रिया जुन्या कपड्यांच्या तुकड्यांपासून जी गोधडी शिवतात, तिला 'कवंद' म्हणतात. हे लोक मूळचे आफ्रिकेतले; त्यांच्यातील अनेकांच्या पूर्वजांना पोर्तुगीजांनी गुलाम म्हणून गोव्यात आणले होते आणि तेथून पळून ते घाटावरच्या रानांत जाऊन राहिले. त्यांच्या तोंडी कोंकणी आजही आहे. कवंद शिवताना काठापासून आरंभ करून टाके घालीत घालीत मध्याकडे यावयाचे, आणि शेवटी चारही कोपऱ्यांना घडी घातलेल्या कापडाचा एकेक 'फुला' लावावयाचा, अशी रीत आहे. फुलावाचून कवंद नागवी, असे त्या मानतात. उपयुक्ततेचा हिशेब केला तर त्या फुलाची काहीच गरज नाही. ऊब त्याने वाढत नाही. मग तोही कुंभाराचे गाढवच नव्हे काय? नव्हे. कोपऱ्यापर्यंत काम पुरे झाल्याची ती साक्ष आहे. करारपत्राच्या शेवटी सही असते तशी. अलंकाराला या कसोटीने मज्जाव केलेला नाही. ज्यावाचून करणारीला आपले काम अपुरे वाटते तो अलंकार, आणि केवळ जागा रिकामी राहिली म्हणून येतो तो भरणा.

आता आपल्या वाचकांना अधिक जवळचा असा एक विषय. स्मार्त घरांतील देवघरात पंचायतन असते. त्यात गणपतीसाठी शोण नदीतील तांबडा पाषाण, विष्णूसाठी गंडकीतील शाळिग्राम, शिवासाठी नर्मदेतील बाण, देवीसाठी सुवर्णमुखी आणि सूर्यासाठी स्फटिक ठेवण्याची परंपरा आहे. या पाचांपैकी एकावरही मूर्तिकाराची छिन्नी चालविण्याचे कारण पडत नाही. ही सापडलेली दैवते आहेत. बाणाला आणि शाळिग्रामाला प्राणप्रतिष्ठेचीही आवश्यकता मानलेली नाही. आणि त्यांतील शाळिग्राम म्हणजे तरी काय? भूशास्त्र सांगते की कोट्यवधी वर्षांपूर्वी जेथे समुद्र होता त्या तळाशी वावरणाऱ्या अमोनाइट नावाच्या प्राण्याचे ते पाषाण झालेले कवच आहे. हिमालय उंचावला तेव्हा ते डोंगरात चढले आणि गंडकीने पुन्हा खाली आणले. म्हणजे समुद्राचा एक शंखच आपल्या देवघरात विष्णू म्हणून बसला आहे. ज्याने तो प्रथम नदीतून उचलला त्याने त्याला डोळे काढले नाहीत, रंग दिला नाही, त्याच्याभोवती मणी चिकटविले नाहीत. त्यावरचे चक्र त्याने ओळखले आणि तो नमस्कार करून थांबला. सापडलेल्या वस्तूबाबत ओळखणे हेच अनेकदा संपूर्ण कर्म असते, आणि थांबणे हे त्यातील सर्वांत कठीण कौशल्य. आजचा हौशी कारागीर बहुधा येथेच चुकतो. लाटांनी घासून गुळगुळीत केलेला ओंडका त्याला सापडतो. समुद्राने वर्षानुवर्षे राबून जे पुरे केले आहे, त्यावर तो एका संध्याकाळी वार्निशचा हात फिरवितो.

चतुर्थीच्या माटोळीतही हेच तत्त्व आहे. गणपतीच्या वर टांगलेल्या लाकडी चौकटीला नारळ, सुपारीचे घोस, केळी, तोरिंग यांबरोबर रानातली कांगणी, करमलां अशी फळे बांधावयाची. फळ फळच राहते; रचना तेवढी माणसाची. अलीकडे शासनाच्या कला व संस्कृती संचालनालयातर्फे दरवर्षी माटोळीची स्पर्धा होते. तिच्यामुळे विस्मृतीत चाललेल्या वनस्पतींची नावे नव्या पिढीच्या कानांवर पडली, हा लाभ निःसंशय मोठा आहे. पण स्पर्धा म्हटली की चढाओढ आली. बिया आणि फळे जोडून मोर, वीणा, देवतांचे देखावे घडविण्याकडे कल वाढला. त्यांतील कित्येक रचनांत कसब अचंबा वाटावे इतके असते. तरीही प्रश्न उरतो : मोराचा पिसारा पाहून घरी गेलेल्या मुलाला त्यातले करमल आठवते काय? आठवत असेल तर रचना सार्थ. नसेल तर रानाची फळे तेथे रंगाच्या वड्यांसारखी वापरली गेली.

येथवर सौंदर्याचा विचार झाला. आता हक्काचा. वकिली पेशाच्या माणसाला हा प्रश्न टाळता येत नाही : किनाऱ्यावर सापडलेली वस्तू कोणाची? रोमन कायद्याचे उत्तर उदार होते. सम्राट जस्टिनियनच्या आज्ञेने इ. स. ५३३ मध्ये सिद्ध झालेल्या 'इन्स्टिट्यूट्स' या ग्रंथात समुद्र आणि त्याचा किनारा निसर्गतः सर्वांचा मानला आहे, आणि किनाऱ्यावर सापडणारे खडे, रत्ने इत्यादी वस्तू सापडणाऱ्याच्या मालकीच्या होतात, असे सांगितले आहे. किनाऱ्यावर शंख वेचणारे प्रत्येक मूल नकळत याच न्यायाने वागत असते.

परंतु आपल्या देशाचा आजचा कायदा इतका सैल नाही, आणि तसा तो असूही नये. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम १९७२ सालचा. २००१ साली त्याच्या अनुसूचींत कित्येक जातींचे शंख-शिंपले, प्रवाळ, समुद्री पंखे आणि समुद्री घोडे यांचा समावेश झाला. ज्या शिंपांनी आपल्या खिडक्या झाकल्या, त्या प्लाकुनाचेही नाव त्या यादीत आले. २०२२ च्या दुरुस्तीने अनुसूचींची फेरमांडणी झाली, तरी संरक्षणाचे तत्त्व कायम राहिले. याच अधिनियमाप्रमाणे वन्य प्राणी मृत सापडला तरी तो शासनाची मालमत्ता ठरतो. म्हणजे 'मी मारला नाही, मला मेलेला सापडला' हा बचाव संरक्षित जातीपुरता पुरेसा नाही. दुकानात मिळणारे, चकाकी शाबूत असलेले मोठे शंख तर बहुधा जिवंत प्राण्यापासूनच काढलेले असतात. लाटांत लोळून आलेल्या शंखाला ती झळाळी राहत नाही. तेव्हा दुकानातून पिशवीभर शंख आणून त्यांची आरास करणाऱ्याने 'टाकाऊतून टिकाऊ' ही पाटी लावणे हा सरळसरळ चुकीचा कबुलीजबाब होय. तेथे टाकाऊ काहीच नव्हते. एक जीव होता.

कोणी म्हणेल, साध्या, असंरक्षित शिंपल्यांची मूठभर उचल केल्याने समुद्राचे काय जाते? एका मुठीने काहीच जात नाही. स्पेनच्या भूमध्य किनाऱ्यावरील ल्यार्गा या पुळणीवर १९७८ ते १९८१ आणि पुन्हा २००८ ते २०१० या काळांत संशोधकांनी शिंपल्यांची मोजदाद केली. तिचे निष्कर्ष २०१४ साली प्रसिद्ध झाले. मधल्या सुमारे तीस वर्षांत तेथील पर्यटकांची संख्या अडीच पटींहून अधिक वाढली आणि शिंपल्यांचे प्रमाण जवळपास त्याच पटीने घटले होते. रिकाम्या शंखात बिऱ्हाड थाटणारे खेकडे आहेत, कवचाचा आसरा घेणारे इतर बारीक जीव आहेत, आणि शिंपल्यांचा चुराच पुळणीची वाळू होतो. समुद्राच्या घरातही टाकाऊ असे काही नाही. त्याचा संसार आपल्या आजीच्या संसारासारखाच आहे.

मग किनाऱ्यावरून उचलावे काय? ज्याला समुद्राच्या घरात जागा नाही, ते. तुटलेली नायलॉनची जाळी, दोर, प्लास्टिकचे बोये, चपला, बाटल्या. आमच्या किनारपट्टीवरील घरांच्या परसांत जुने जाळे कुंपणाला लावलेले असते, भाजीच्या वाफ्यांवर कोंबड्यांपासून रक्षणासाठी पसरलेले असते, त्यावर दुधी-पडवळाचा वेल चढविलेला असतो. कुठल्याही प्रदर्शनात याला क्रमांक मिळालेला नाही. पण नायलॉनचे न कुजणे, जो समुद्रात त्याचा सर्वांत मोठा दोष, तोच येथे गुण झाला आहे. न्यायशास्त्राच्या कसोटीवर ते कुंपण अव्वल उतरते.

घरातल्या जुन्या वस्तूंचा प्रश्न याहून नाजूक आहे. गोव्यात वारसांच्या वाटणीसाठी सूचीकरणाची कारवाई होते, तेव्हा जमीन-जुमल्याबरोबर जंगम वस्तूंचीही नोंद होते. समई, घंगाळ, घागर यांच्या पुढे बहुधा मोडीच्या भावाने आकडा लिहिला जातो. चार पिढ्यांनी पाणी भरलेल्या घागरीची किंमत किलोवर ठरते, हे पाहवत नाही. म्हणून कोणी तिला भोक पाडून दिवा केला तर मोडीपेक्षा बरे, असे वाटणे स्वाभाविक आहे. पण जरा थांबून विचारावे : ही घागर खरोखर निकामी झाली होती काय? नसेल, तर भोक पाडल्याने ती झाली. जे कल्हईने, डाग लावून, तांबटाकडे नेऊन सावरले असते, त्याला कलेच्या नावाखाली कायमचे मोडले. दुरुस्ती शक्य असता रूपांतर करणे, हा माझ्या मते या क्षेत्रातील सर्वांत मोठा आणि सर्वांत कौतुक पावलेला दोष आहे.

रूपांतर करावयाचेच, तर ते कसे असावे याचे नमुने आहेत. पिकासोने १९४२ साली सायकलीची बैठक आणि तिचा दांडा जोडून बैलाचे मस्तक केले. पाहणाऱ्याला बैल दिसतो आणि सायकलही दिसत राहते. दोहोंपैकी एक दडवले असते तर त्यात काही उरले नसते. चंडीगढला रस्त्यांच्या खात्यात निरीक्षक असलेल्या नेक चंद यांनी सरकारी जमिनीवर, कोणाला न कळू देता, फुटकी चिनी भांडी, बांगड्यांचे तुकडे, विजेच्या सामानातील कचरा यांतून एक अख्खे नगर वसविले. १९७५ साली ते उघडकीस आले. कायद्याने पाहता ते पाडता आले असते. प्रशासनाने ते राखले आणि १९७६ साली लोकांसाठी खुले केले. त्यातील बाहुल्यांच्या अंगावरची वस्त्रे फुटक्या बांगड्यांची आहेत. बांगडी फुटली तरी तिचा रंग आणि तिची वळणदार किनार फुटत नाही, हे त्या माणसाने ओळखले.

यावर दोन आक्षेप येतील, आणि दोन्ही विचारार्ह आहेत. एक असा की, मुलांच्या आणि गृहिणींच्या निर्मळ आनंदाला इतकी कठोर मोजपट्टी कशाला? मुलाने पुळणीवर चार शिंपले मांडून घर केले, तर त्याला कोणतीच मोजपट्टी लावू नये; संध्याकाळची भरती ते घर परत घेऊन जाते, आणि तेच त्याचे सौंदर्य. पण ज्या वस्तूला पारितोषिक मिळते, ती अनुकरणासाठी समाजापुढे ठेवलेली असते. तेथे कसोटी हवीच. दुसरा आक्षेप असा की, अशा वस्तू विकून पुष्कळ स्त्रियांच्या हाती चार पैसे येतात. ते यावेत, आणखी यावेत. पण एकदा भेट देऊन माळ्यावर जाणाऱ्या फुलदाणीपेक्षा चांगल्या गोधडीला गिऱ्हाईक अधिक मिळण्यासारखे आहे. आणि सोनेरी रंग, डिंक, चमकी यांच्या खर्चातही बचत होईल. सजावटीच्या थर्मोकोलवर तर १ जुलै २०२२ पासून देशभर बंदीच आहे. कित्येक 'टिकाऊ' कलाकृतींचा पाया त्या दिवशी कायद्यानेच काढून घेतला.

तेव्हा देवालयांच्या समित्यांना आणि मंडळांच्या परीक्षकांना एक सूचना करावीशी वाटते. प्रत्येक वस्तूपुढे उभे राहून तीन प्रश्न विचारावेत. ही वस्तू उचलण्याचा तुमचा हक्क होता काय? हिच्याऐवजी दुसरे काही लावले असते तर चालले असते काय? आणि दहा वर्षांनी ही कोठे असेल? पहिल्याचे उत्तर 'हो', दुसऱ्याचे 'नाही' आणि तिसऱ्याचे 'वापरात' असे आले, तर क्रमांक बिनदिक्कत द्यावा. त्याबरोबर एक नवे पारितोषिक ठेवावे : केवळ दुरुस्तीसाठी. डाग लावलेले घंगाळ, नवी दांडी बसविलेला दवलो, पुन्हा विणलेली खुर्ची, ठिगळ नीट बसलेली गोधडी यांनाही मेजावर जागा मिळू द्यावी. ती वस्तू पाहून कोणी 'वा!' म्हणणार नाही कदाचित. पण घरी जाऊन माळ्यावरची घागर खाली काढावी असे चार जणांना वाटले, तरी त्या पारितोषिकाचे सार्थक झाले.